पालथी सहाण

मित्रांनो, तुमच्या-माझ्यात एक मोठा फरक आहे. तुम्हांला बोलता येतं. हा फरक लहान वाटत असेल तर माझी हकीकत ऐका.

मी काळ्या दगडाची, वीतभर रुंद, तीन बुटक्या पायांची एक म्हातारी सहाण आहे. चंदन उगाळण्याची नव्हे; देवघराचं भाग्य माझ्या कपाळी नव्हतं. मी बाळांची गुटी उगाळायची सहाण. एका पाथरवटानं छिन्नी मारमारून मला घडवलं आणि सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत, गोणपाटावर, पाट्या-वरवंट्यांच्या रांगेत मांडलं. एका पोटुशीनं मला उचललं, तळहात फिरवून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "हीच घ्या. गुळगुळीत हाय की." माझं आयुष्यात झालेलं ते पहिलं कौतुक.

ती केराबाई. सांगोल्याकडची. लागोपाठच्या दोन कोरड्या सालांत घरची मेंढरं गेली, तेव्हा ती आणि तिचा नवरा बिरप्पा गिरणीत कामाला लागले होते. गिरणीमागच्या चाळीत त्यांची एक खोली होती. तिथं मायाक्का जन्मली. मी वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा यांचे वेढे अंगावर घेऊ लागले आणि मला वाटलं, आपलं सोनं झालं.

मायाक्का तेरा महिन्यांची झाली आणि तिच्या पाठीवर कोंडीबा आला. मित्रांनो, पाठोपाठची दोन लेकरं म्हणजे काय, ते ज्यानं सांभाळलं त्यालाच ठाऊक! एकीचं लुगड्याचं धडपं वाळत घालावं तोवर दुसऱ्यानं ओलं केलेलं असे. एक निजलं की दुसरं उठे, आणि उठलेलं निजलेल्याला उठवी. त्यातून मायाक्काच्या दाढा येत होत्या. दिसेल ते ती चावे. माझाही एक पाय तिनं चावून पाहिला होता. पण तिची खरी आवड म्हणजे भावाचा अंगठा. झोळीतून कोंडीबाचा पाय बाहेर लोंबला की ही टपून बसलेली. कचकन चावा, की कोंडीबाचा टाहो, की मायाक्काच्या पाठीत धपाटा, की दोघांचा मिळून टाहो. दिवसातून चार वेळा तरी हे व्हायचंच.

कोंडीबा तीन महिन्यांचा झाल्यावर केराबाईला पुन्हा गिरणीत जाणं भाग पडलं. चाळीतल्या कामावर जाणाऱ्या बायका जे करत तेच तिनंही केलं. भोंगा व्हायच्या आधी तिनं अफूची इवलीशी गोळी माझ्यावर उगाळली आणि बोटानं बाळाला चाटवली. बाळ दुपारपर्यंत गाढ निजलं; मायाक्काला शेजारीण बघे. मला तो कडू वास पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पण दगडाच्या आवडीनिवडी कोण विचारतं?

मग गावाहून, थोरल्या लेकाकडून, सासू आली, बाळाबाई. करारी, सडपातळ, बोलायला फटकळ. आल्या आल्या तिनं दारातच सांगून टाकलं, "हितल्या बाया पोरास्नी अफू देत्यात म्हनं. आमच्या घरात असलं चालायचं न्हाय. पाच पोरं वाढवली म्या मेंढरामागं, कुनाला बोटभर दिली न्हाय. दोन पोरं काय, मला लई झाली व्हय?"

केराबाईनं मान खाली घातली. "व्हय आत्याबाई," एवढंच म्हणाली.

खरं तर तिला त्याच दिवशी गोळी बंद करायची होती. पण तिच्या मनात भीती शिरली. पोरं फार रडली, म्हातारीला आवरली नाहीत, तर म्हातारी म्हणेल, सोड गिरणी आणि चल गावाकडं. गावाकडं तर यांची स्वतःची चूलसुद्धा उरली नव्हती. म्हणून ती सासू नळावर गेली की पहाटे गुपचूप गोळी उगाळू लागली. घाईत मला पुसायची तेवढी पदरानं. धुवायला सवडच नसे.

आणि बाळाबाई? मित्रांनो, मला त्या म्हातारीचा कधी राग येत नाही. तिनं पाच पोरं वाढवली हे खरं होतं. पण माळावर, चार जावांच्या हातांत, मोकळ्या हवेत. इथं दहा पावलांची खोली, दुखरे गुडघे आणि दोन पोरं. पलीकडच्या खोलीतले रात्रपाळीवाले दिवसा झोपत आणि पोर रडलं की भिंतीवर दणादण मुठी मारत. पाचव्या दिवशी मी तिला पाहिलं. एक पोर कडेवर, एक मांडीवर, दोन्ही रडताहेत, आणि त्यांच्याबरोबर तीही. आठव्या दिवशी तिनं कंबरेच्या पिशवीतून चाळीतल्याच एकीकडून मागून आणलेली पुडी काढली. दार लोटून घेतलं आणि तिसऱ्या प्रहरी माझ्यावर गोळी उगाळली. दारात उभं राहून मोठ्यानं बोललेलं आता गिळायचं कसं? म्हणून तीही गप्प.

सून सकाळी देई, सासू दुपारनंतर. संध्याकाळी सून म्हणे, "आत्याबाई, तुमच्या हाताला गुन हाय, पोर कसं शांत हाय!" सासू म्हणे, "मंग! पैल्यापास्नं हाय." दोघी एकमेकींना फसवत होत्या आणि मी मध्ये. त्या घरात सगळं माहीत असणारी मी एकटीच होते, आणि मला तोंड नव्हतं.

एका सकाळी मायाक्काला दाढांनी कणकण आली. भोंगा होऊन घटका झाली असेल नसेल, तिनं असा गळा काढला की गोळी घेऊन निजलेला कोंडीबाही दचकून किरकिरू लागला. भिंतीवर मुठी बसल्या. बाळाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि पुडी काढली. पहाटेची गोळी अजून माझ्या अंगावर करड्या डागासारखी होती. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला, तिला तो डाग दिसला नाही. त्याच डागावर तिनं दुसरी गोळी उगाळली. बाई, दिलंय गं, मघाशीच दिलंय, असं मी आतून ओरडत होते. तिनं बोट फिरवलं. बोट कोंडीबाच्या तोंडात गेलं. मी जितकी गुळगुळीत, तितकी ती गोळी चांगली उतरली. ज्या गुणासाठी मला घेतलं तोच गुण उलटला.

कोंडीबा निजला, रडून दमून मायाक्काही गप्प झाली. बाळाबाईनं मायाक्काच्या कपाळाला सुंठ लावली आणि घरकामाला लागली.

दुपार व्हायला आली, बाळाबाई भाकरी थापायला बसली, तेव्हा झोळीतून कोंडीबाचा पाय लोंबला. मायाक्का दुडदुडत गेली, टपून बसली आणि कचकन चावली. टाहो नाही. तिनं वर पाहिलं, पुन्हा चावली. तरी नाही. तिनं पाय धरून हलवला, आणि मग तिनंच असं भोकाड पसरलं, की बाळाबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. म्हातारीनं बाळाला उचललं. मान मागं कलंडली. ओठ जांभळे झाले होते.

"चंद्रव्वा! अगं चंद्रव्वा, धाव गं!"

शेजारची चंद्रव्वा अक्कलकोटाकडची, कानडी वळणाचं मराठी बोलणारी, चार लेकरांची आई. तिनं बाळाची पापणी उघडून पाहिली आणि विचारलं, "काय दिलीस अव्वा?"

"गुटी."

चंद्रव्वानं मला उचलून नाकाला लावलं. "खरं सांग अव्वा. गुटीला असला वास येतोय काय?"

बाळाबाईनं कंबरेची पिशवी चाचपली आणि पुडी पुढं केली. "येक गोळी. येकच, तुझी आन."

चंद्रव्वानं मला पदरात गुंडाळलं, बाळाला उचललं, मायाक्काला म्हातारीच्या कडेवर दिलं आणि दवाखान्याची वाट धरली. त्याच वेळी दुपारच्या सुट्टीत बाळाला पाजायला धावत आलेली केराबाई त्यांना बोळात भेटली. तिनं बाळाचे जांभळे ओठ पाहिले. मायाक्काला आपल्या कडेवर घेतलं आणि मागोमाग पळत सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "अफू किती दिली? नीट सांगा, त्यावर सगळं आहे."

"येक," बाळाबाई म्हणाली. तिच्या परीनं ते खरंच होतं.

मित्रांनो, त्या वेळी मी टेबलावर होते, माझा करडा डाग वर करून. केराबाई माझ्याकडं पाहत होती. बोलली तर सासूसमोर, नवऱ्यासमोर, साऱ्या चाळीसमोर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. न बोलली तर... माझ्या दगडी जन्मात मी इतकी लाचार कधीच झाले नव्हते. बोल गं माझे आई, मला येत नाही, तू बोल.

"दोन," केराबाई म्हणाली. "डॉक्टरसाहेब, दोन. पहाटं म्या बी दिली हुती. रोजच देते."

सासूनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं सासूकडं पाहिलं.

डॉक्टरांनी नळी घालून बाळाचं पोट धुतलं, सुई टोचली, आणि बजावलं, "दिवे लागेपर्यंत याला झोपू द्यायचं नाही. झोपला तर हातचा जाईल." मग सासू-सून दोघी व्हरांड्यात त्याला आळीपाळीनं घेऊन फिरल्या. तळवे चोळले, गाल थोपटले, गार पाणी लावलं. बाळ डोळे उघडायचं आणि पुन्हा मिटायचं. ऊन उतरलं तरी बाळाला रडू येईना. दमून केराबाई पायरीवर टेकली, बाळ मांडीवर. तेवढ्यात मायाक्का हळूच आली आणि सवयीनं अंगठ्याला चावली.

कोंडीबा रडला. मांजराच्या पिलाएवढाच आवाज, पण रडला.

"चाव गं माझी बाय," बाळाबाई हुंदके देत म्हणाली, "आनखी चाव!"

त्या दिवशी अफू सुटली. गिरणी मात्र सुटली नाही. पोरं रडतच राहिली, भिंतीवर मुठी बसतच राहिल्या, आणि केराबाई रोज लेकरांचं रडणं कानांत घेऊन कामावर जाई. दुपारी चंद्रव्वा एकाला आपल्याकडं नेई, एवढाच आधार. पण सासू-सुनेनं एक रीत पाडली. बाळाला गुटी असो की काढा, जी कुणी देईल तिनं मला धुवायचं आणि पालथी घालायचं. मी तीन पाय वर करून पडले की समजायचं, दिलंय, पुन्हा देऊ नका. मित्रांनो, दगडाला एवढंच बोलता येतं. पण दोन पावसाळे मी तेवढं चोख बोलले.

आता बाळाबाई नाही. कोंडीबा शाळेत जातो आणि माझ्या अंगावर चिंचोके फोडतो. मायाक्का त्याचे चिंचोके पळवते. घरात गुटीचं बाळ नाही, म्हणून मी चुलीमागं धुळीत असते. मला रोज घासा-पुसा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी लहानगं असेल आणि त्याला दोघींनी सांभाळायचं असेल, तर लाजू नका, काय दिलंत ते एकमेकींना सांगा. तुम्हांला तोंड आहे.

कोंडीबा खेळून झाला की मला उताणीच टाकून पळतो. केराबाई गिरणीतून येते, दिवा लावते, मी दिसते. ती वाकते आणि मला पालथी घालते.