मचूळ पाण्याची गाय

तांबडीनं नाक बादलीपर्यंत नेलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. कालपासून हेच चाललं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात मायाप्पानं आपली एकुलती एक गाय मंगळवेढ्याच्या माळावरून वेळापूरच्या जनावरांच्या छावणीत आणली होती. इथं वैरण होती, कालव्याचं गोड पाणी होतं. गाय मात्र पाण्याला तोंड लावीना. पोट खपाटीला गेलं, डोळे आत ओढले. शेजारच्या दावणीचे लोक हसत होते. हिला काय सरबत पाहिजे का, म्हणून विचारत होते. मुकादम म्हणाला, उद्यापर्यंत बघू, नाहीतर बाजार दाखवा. बाजारात मरतुकडी गाय कोण घेतो, हे मायाप्पाला सांगायला नको होतं. बायको, फुला, उन्हाळ्यात गेली. तिच्या हातची म्हणून एवढी गायच उरली होती.

वेळापूर हे फुलाचं माहेर. दुपारी तिची थोरली बहीण गोजरबाई भाकरी घेऊन आली. तिनं गायीपुढची भरलेली बादली बघितली.

"दाजी, हिच्या आजीनं बी असंच केलं हुतं की. फुलासंगं दिल्याली गाय. तुमच्या हिरीचं मचूळ पाणी पिईना म्हनून फुला लई रडली हुती."

मायाप्पाला आठवलं. नवी नवरी फुला बादलीत गूळ विरघळवून गायीला पाजायची. रोज थोडा कमी करत करत एक दिवस तिनं गूळ बंद केला. त्या गायीची कालवड जन्मली ती तेच पाणी पीत वाढली. तांबडी त्या कालवडीची.

"अक्का, घरात मीठ हाय का?"

गोजरबाईनं घरून खडेमीठ आणून दिलं. त्यानं थोडं बादलीत ढवळलं, ओंजळभर चाखलं, थुंकलं. आणखी घातलं. पुन्हा चाखलं आणि त्याचा हात थांबला. ही त्यांच्या विहिरीची चव.

फुला अंथरुणाला खिळली तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून त्यानं इथल्याच कालव्याच्या पाण्याची घागर एसटीनं नेली होती. तिनं एक घोट घेतला आणि तांब्या बाजूला केला. "आपल्या हिरीचं द्या," म्हणाली. एवढ्या लांबून आणलेलं माहेरचं पाणी नको म्हणाली, याचं त्याला तेव्हा वाईट वाटलं होतं.

तांबडीनं बादली हुंगली. मग मान खाली घालून ती पीत राहिली. घशाचा आवाज येत होता.

"उद्या मीठ जरा कमी घाला," गोजरबाई म्हणाली. "फुला गूळ कमी करायची, तसं. चार दिसांत सवय हुईल."

"व्हय," मायाप्पा म्हणाला.

तिनं त्याच्यापुढं भाकरी सोडली, शेजारी गोड पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती गेली. गायीनं मान वर केली तेव्हा बादलीत थोडं उरलं होतं. मायाप्पानं ओंजळ भरून तोंडाला लावली. या खेपेला तो थुंकला नाही.