कापसानं भरलेली कणगी

मित्रांनो, मी धान्य साठवायची एक जुनी कणगी आहे. सुभद्राबाईच्या ओसरीत, कोपऱ्यात, एका अंगाला थोडी कललेली उभी असते. माझ्या काठाच्या कांबी सुटल्या आहेत आणि एका बाजूचं लिंपण गळून आतली वीण उघडी पडली आहे. तिथल्या फटीतून एक कोंबडी आत शिरते आणि अंडं घालून जाते. मला तिचा राग येत नाही. पोटात काहीतरी असलं की माझ्यासारखीला बरं वाटतं.

माझा जन्म दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावात झाला. पूर्णा नदीकाठची ती काळी जमीन. उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडत की वासराचा पाय अडकावा. विहिरींचं पाणी खारट, पण जमीन मोठी दिलदार. मैनाबाई नवी नवरी होऊन नत्थुजीच्या घरी आली, त्याच साली पुंजाराम बुरडानं मला विणलं. मेळघाटातून आणलेला बांबू त्यानं चिरला, कांबी काढल्या आणि तीन दिवस अंगणात बसून मला माणसाच्या छातीएवढी उंच केली. मग मैनाबाईनं चिकण माती, शेण आणि भुसा कालवून मला आतून-बाहेरून लिंपलं.

"मी इनून देल्ली, बाई," पुंजाराम म्हणाला. "आता लिंपनं तुह्याकडं. एक साल चुकवलं अन् उंदीर शिरला, त माह्या नावानं बोंबलू नको."

"बोंबलीन ना," मैनाबाई म्हणाली. "सुपलीभर ज्वारी कायची नेतं मंग तू?"

त्या काळी पुंजारामसारख्या कारागिरांना पैसे देत नसत. खळ्यावर ज्वारीची रास पडली की सुतार, लोहार, बुरूड आपापला वाटा तिथूनच घेऊन जात.

माझं काम साधं होतं. पौषात खळं झालं की ज्वारी माझ्या पोटात पडे. मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला, वरून राख. मग तोंड लिंपून बंद. माझ्या पायथ्याशी एक भोक होतं, त्याला चिंधीचा बोळा. रोज सकाळी बोळा काढायचा, दिवसापुरती ज्वारी घ्यायची, बोळा पुन्हा लावायचा. दर आठ दिवसांनी मैनाबाई बोटाचं पेर माझ्या अंगावर खालून वर वाजवत जाई. जिथपर्यंत आवाज भरीव, तिथपर्यंत ज्वारी. जिथून पोकळ, तिथून हवा. त्या आवाजावरून ती ठरवी, भाकरी चार थापायच्या की तीन. नत्थुजीनं मला कधी वाजवलं नाही. ताटात भाकरी येत होती, त्याला तेवढं पुरे होतं.

मुलगी दाखवायला वा पाहायला आलेले पाहुणे घरात शिरले की आधी माझ्याकडे बघत. माझी मान ताठ होई. मला वाटे, हे घर माझ्यामुळंच उभं आहे. मित्रांनो, तरुणपणी असं वाटतं.

मग कापसाचं वेड आलं.

सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. आगगाडी अजून आमच्याकडे पोचली नव्हती. पण गाड्यांच्या रांगा रस्त्यानं धूळ उडवत चालल्या होत्या. गावात रोज नवी बातमी येई. कोणी बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधले, कोणी घरावर दुसरा मजला चढवला.

मृगाच्या आधी नत्थुजी जेवता जेवता म्हणाला, "या साली ज्वारी नाही पेरत. साऱ्या वावरात कापूस."

मैनाबाईचा हात परातीत थांबला. "अन् खासान काय जी? सरकी?"

"बजारातून आनू. हाती पैसा असला म्हंजे ज्वारी पायानं चालत येते."

"साऱ्या गावानं कापूस पेरला, त थे ज्वारी येईन कोन्या गावाहून?"

"तुह्या माहेराहून येईन!" नत्थुजी हसत सुटला. "तिथं बरडावर दुसरं उगवतेच काय?"

मैनाबाईचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी होतं. तिथली जमीन बरड, म्हणजे मुरमाड आणि हलकी. कापूस तिथं गुडघ्याच्या वर जात नसे. नत्थुजी लग्नापासून तिला 'बरडावरची' म्हणून चिडवत आला होता.  तिनं भाकरी तव्यावर टाकली, तेवढी जरा जोरात.

दसऱ्यापर्यंत माझा तळ दिसला. उरलीसुरली ज्वारी मैनाबाईनं मडक्यांत काढून ठेवली. कापूस मात्र असा फुटला होता की वावरात दिवसा चांदणं पडल्यासारखं वाटे, असं बाया म्हणत. वेचणीच्या पहिल्या दिवशी झाडाखाली दहीभाताचा नैवेद्य दाखवून बाया ओळीत शिरल्या. वेचणाऱ्या बायांना मजुरी म्हणून वेचलेल्या कापसाचाच वाटा मिळे. संध्याकाळी नत्थुजी वाटे घालत बसला, तेव्हा मैनाबाईही आपलं ओझं घेऊन त्या रांगेत उभी राहिली.

"तू काहून?" नत्थुजी म्हणाला.

"मीनं वेचला नाही का? माही कंबर का लाकडाची हाय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चारचौघांत नाही म्हणायची त्याला लाज वाटली. "घे बाप्पा," तो म्हणाला. "घे, बांगड्या भर."

त्या दिवसापासून ती रोज वाटा घेऊ लागली आणि घरी आणून माझ्या पोटात टाकू लागली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात कापूस भरला गेला. मला तो मुळीच आवडला नाही. ज्वारी पडली की कशी जागच्या जागी बसते, पाय जमिनीत रोवल्यासारखे वाटतात. कापसाला वजनच नाही. काठोकाठ भरूनही मी उपाशीच राहिले. मैनाबाईनं पेर वाजवलं तरी ना भरीव, ना पोकळ. नुसता मुका आवाज. नत्थुजीनं तो वाटा मनातून काढूनच टाकला. व्यापाऱ्यांच्या ओट्यावरच त्याचा दिवस जाई.

दिवाळीला त्यानं दमणी आणली. दोन माणसांनी बसायची ती हलकी, नक्षीची गाडी. बैलांना चांदीचे घुंगरू. कापसाचा पैसा बराचसा त्यात गेला. आणि चढत्या भावाचा मोह इतका की एके दुपारी त्यानं घरातल्या दोन्ही रजया उसवल्या. आतला जुना कापूस झटकून, नव्यात मिसळून विकला.

"मी भरतो ना नव्या," तो म्हणाला. "आपल्या घरी कापसाचा का तोटा हाय?"

मित्रांनो, गावातल्या कितीतरी घरांनी त्या साली हेच केलं. पांढऱ्या सोन्याच्या राशीशेजारी राहणारी माणसं, आणि पांघरुणाला हातभर कापूस नाही. नवा आला की तोही गाडीवर चढे.

ओसरीत दमणीला जागा हवी म्हणून नत्थुजीची नजर माझ्याकडे वळली. त्यानं मला कवटाळून हलवून पाहिलं. मी फुलासारखी उचलली गेले.

"रिकामी त हाय. मोडून चुलीत घाल, दोन दिवसाचं जळन होईन."

 त्यानं झाकण उघडलं असतं तर तोही कापूस गाडीवर चढला असता आणि मी चुलीत. मैनाबाई चुलीपुढून उठली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावून पाहा जी. दमनी बाहीर निंबाखाली ठेवा. तिले का थंडी वाजते?"

तो पुटपुटत दमणी निंबाखाली घेऊन गेला.

मैनाबाईनं मग हिवाळ्याची तयारी सुरू केली. हाताशी पैसा नव्हता, पण हात होते. भेगा पडलेल्या भिंती तिनं माती-शेणानं लिंपल्या, उत्तरेकडचा झरोका तट्ट्यानं बुजवला. गवऱ्या थापून छपरावर रचल्या. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, मोळ्या भिंतीला लावल्या, तसा वाराही अडला आणि जळणही झालं. शेजारी पार्बताबाई माळीण राहत होती. तिच्या मळ्यात चार दिवस खुरपणी करून मैनाबाईनं गवार, वांगी आणि काशीफळ आणलं, चिरलं आणि छपरावर वाळत घातलं.

"पार्बताबाई, वाळवन त झालं वं," ती एकदा म्हणाली, "पन भाजी कायसंगं खाऊ?"

"दमनीसंगं खा," पार्बताबाई म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग मैनाबाई एकटीच माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तेव्हा ती हसत नव्हती. घरात आठ वर्षांची लेक सुभद्रा आणि पाळण्यातलं लेकरू, आणि पुढचं खळं एक अख्खं साल दूर.

मार्गशीर्षातल्या बाजाराला नत्थुजी दमणी जुंपून ज्वारी आणायला गेला. सकाळी घुंगरं वाजवत गेला, दिवस मावळताना मुका परत आला. सोबत गुडघ्याएवढी एक पिशवी. मैनाबाईनं ती सुपात ओतली. निम्मी माती होती.

"साऱ्या बजारात एवढीच," तो म्हणाला. "लोकं झोंबून राह्यले एकमेकाले. भगवंतराव पाटील सुदीक पिशवी घेऊन उभा व्हता."

त्या दिवसांत गारठा उतरला होता. सुभद्रा गोणपाट पांघरून चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "बापू, आपल्या घरी एवढा कापूस आला, मंग मले रजई काहून नाही?"

 नत्थुजी भिंतीला टेकून खाली बसला. त्याला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मैनाबाई उठली आणि तिनं माझं झाकण काढलं. मूठभर कापूस काढून सुभद्राच्या मांडीवर ठेवला. मग दुसरी मूठ, तिसरी. नत्थुजी पाहतच राहिला.

"हे... हे कायचं?"

"माह्या बांगड्याचं."

तो ताडकन उठला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा तीच चमक आली. "अवो, याले त आता लय भाव—"

"बसा खाली," मैनाबाई म्हणाली. इतक्या हळू आवाजात की तो खरंच बसला. "याचा भाव मी सांगतो. यातल्या दोन रजया घरात. उरला थो माह्या भावाच्या गावाले. तिथं बरडावर ज्वारी पिकली, पन थंडीले कापूस नाही. या भावानं इकत कोन घेईन? ज्वारी त्याईची, कापूस आपला. अन् घेऊन तुमी जासान."

"मी? बरडावर? जानराव हसन मले."

"हसू द्या. हसन्यानं पोट दुखत नाही, भुकेनं दुखते."

नत्थुजी माझ्याकडे पाहत राहिला, मग सुभद्राच्या गोणपाटाकडे. "सकाळी बैल जुंपतो," तो म्हणाला.

पुढचं मी पाहिलं नाही. परत आल्यावर नत्थुजीनंच सांगितलं. मैनाबाईचा भाऊ जानराव वेशीपर्यंत सामोरा आला होता. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात.

"या भाटवे!" तो म्हणाला. "रस्ता चुकले का? हे त बरड हाय."

नत्थुजीनं दमणीतून उतरून डोक्याचं पागोटं सारखं केलं. "चुकलो व्हतो," तो म्हणाला. "आता बराबर आलो."

जानरावाची चेष्टा तिथंच संपली. घरोघरच्या बाया टोपल्या घेऊन आल्या. नत्थुजीनं टोपलीभर कापूस द्यायचा, बदल्यात ठरलेली ज्वारी घ्यायची. एका म्हातारीनं कापूस गालाला लावून पाहिला आणि मापावर आणखी एक ओंजळ घातली. दोघांनी मिरवायची ती दमणी पोत्यांनी अशी दबली की नत्थुजी सारी वाट बैलांसोबत पायी चालत आला. घुंगरं त्यानं काढून ठेवली होती. चढावर बैलांच्या मानेला काचत होती म्हणे.

त्या दुपारी माझं झाकण उघडलं. नत्थुजी पोतं खांद्यावर घेऊन उभा होता. ज्वारी माझ्यात पडू लागली तो आवाज मी आजवर विसरले नाही. तळ भरला, पायथा भरला, पोट जड झालं, पाय पुन्हा जमिनीत रोवले गेले. काठापर्यंत नाही, छातीपर्यंतच भरले. पण वाळवणाच्या भाजीसोबत, जपून, पुढच्या खळ्यापर्यंत पुरेल एवढी. पहिली सुपली मैनाबाईनं बाजूला काढून ठेवली. खळं नसल्यामुळं त्या साली पुंजारामला कोणाकडूनच वाटा मिळाला नव्हता. तो आला, सुपलीतली ज्वारी उपरण्यात घेतली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि न सांगता माझी एक सैल कांब घट्ट करून गेला.

आणि मित्रांनो, मला लिंपलं कोणी? नत्थुजीनं. बाह्या वर सारून शेणमातीत हात घातले. मैनाबाई दारात उभी राहून सांगत होती, "दाबून, दाबून. थे का दमनी हाय चोपडी करायले?" लिंपण वाकडंतिकडं झालं. त्याची बोटं अजून माझ्या पाठीवर उमटलेली आहेत.

पुढच्या मृगाला निम्म्या वावरात ज्वारी पडली. त्या वर्षी लढाई थांबल्याची बातमी आली, कापसाचा भाव धाडकन उतरला आणि गावात बऱ्याच दमण्या विकायला निघाल्या. आमच्या घरात मात्र भाकरी थापल्याचा आवाज रोजच्या वेळी येत राहिला. तेव्हापासून दर आठ दिवसांनी मला वाजवायचं काम नत्थुजीनं आपल्याकडं घेतलं. खालून वर, कान लावून, लहान मुलासारखा.

आता दोघंही नाहीत. सुभद्रानं लग्नानंतर मला गाडीवर घालून इकडे आणलं. तिच्या घरी आता धान्य कोठीत असतं आणि मी कोपऱ्यात. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. बाजारात भाव चढला की घरातलं सगळं बाहेर काढू नका. लेकरांच्या ताटातलं आणि अंगावरचं आधी बाजूला ठेवा, मग उरलेलं खुशाल विका. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी कणगी असेल, तर सालातून एकदा तिला लिंपा.

काल सुभद्राबाई अंडं घ्यायला आली. जाता जाता तिनं सहज बोटाचं पेर माझ्या अंगावर वाजवलं. पोकळ आवाज आला. ती थांबली, फटीजवळ वाकली आणि नातीला हाक मारून म्हणाली, "पोरी, शेन-माती कालव वं. थंडीच्या आत हिले लिंपून घेऊ."