पाचव्या मिनिटाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी हातघंटा आहे. अंग पितळेचे आणि मूठ जॅरा नावाच्या तांबूस लाकडाची. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथून मला कालगुर्लीजवळच्या एका खाणवस्तीतल्या शाळेत पाठवले. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना मी वाजायचे. पुढे खाण बंद पडली आणि माणसे निघून गेली. वर्गात पाच मुले उरली, मग एकही नाही. मला एका खोक्यात घालून कालगुर्लीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दिले. तिथे मी बरीच वर्षे इस्त्र्या आणि फुलदाण्यांच्या मध्ये बसून होते. येणारा जाणारा मला एकदा वाजवायचा, हसायचा आणि परत ठेवायचा.

श्यामला हसली नाही. तिने मला वाजवले आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कान देऊन उभी राहिली. ती तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिचा नवरा विश्राम सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होता.

"अगं, घरात देवाची घंटा आहे की," तो म्हणाला.

"ती देवाला उठवायला. ही तुला."

अशी मी त्यांच्या घरी आले. त्यांची मुलगी निहारिका तेव्हा शाळेतही जात नव्हती. काही वर्षांनी ते सगळे ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेले आणि तिथे मला माझे खरे काम मिळाले.

दर वर्षी जुलैमध्ये सागरपार गीतस्पर्धा भरते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, दुबई, कॅनडा अशा ठिकाणची मराठी मंडळे एकेक नवे गाणे घेऊन येतात. जे गाव जिंकेल त्याने पुढच्या वर्षी सगळ्यांना आपल्याकडे बोलवायचे, असा रिवाज आहे. पहिल्या वर्षी ऑकलंडला एका गवयाने सतरा मिनिटे गाणे म्हटले. परीक्षकांचा चहा तर निवलाच, एक परीक्षकही झोपले. तेव्हा श्यामला उठून म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून वेळ मी बघणार."

तिने नियम केला. पाच मिनिटे झाली की मी एकदा वाजायचे. त्यानंतर गाणाऱ्याला एक मिनिट मिळते. सहा मिनिटांच्या पुढे गेलेले गाणे स्पर्धेतून बाद. स्टेजवर जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "घड्याळाकडे बघत गाऊ नका. डोळे मिटा आणि मधल्या कडव्यावर हवे तेवढे फिरा. घंटा झाली की शेवटचे कडवे घ्या."

नऊ वर्षे मी तिच्याबरोबर हिंडले. विमानतळावर तपासणीवाले मला हमखास पिशवीतून बाहेर काढायचे. ती मला तिथेच वाजवून दाखवायची आणि रांगेतले लोक टाळ्या वाजवायचे. ऑकलंडचे भास्करकाका तिला बघताच म्हणायचे, "आली बघा घंटाबाई! हिच्या धाकाने आमचे गाणे लहान झाले आणि चांगलेही झाले."

वेळ धरणाऱ्याला स्पर्धेत गाता येत नाही. त्यामुळे श्यामला फक्त घरी गायची, डिशवॉशर रिकामा करताना. गेल्या वर्षी सिंगापूरला स्प्रिंगफील्ड लेक्सचे गाणे पहिले आले. परतीच्या विमानात ती विश्रामला म्हणाली, "आता स्पर्धा आपल्या घरी. घंटा तू धर. मी गाणार."

"मला गाण्यातले काय कळते?"

"घड्याळ कळते ना?"

तिने गाणे रचायला घेतले. ड्यूटी संपवून घरी येणाऱ्या बाईचे गाणे. पहिल्या कडव्यात हॉस्पिटल सुटते, दुसऱ्यात कालगुर्लीचा लांबलचक तांबडा रस्ता आहे. तिसरे कडवे तिने हॉस्पिटलातच लिहिले, पण डॉक्टर म्हणून नव्हे. फेब्रुवारीत दुखणे कळले आणि एप्रिलमध्ये ती गेली. ते कडवे तिने फक्त निहारिकाला शिकवले. विश्रामने विचारले तर म्हणाली, "ते तू स्टेजवरच ऐक."

ती गेल्यावर विश्रामने मला गॅरेजमध्ये नेले. चुकूनही वाजू नये म्हणून माझ्या लोलकाला एक मोजा बांधला आणि रंगाच्या डब्यांमागे ठेवून दिले. मला त्याचा राग आला नाही. तो टीव्हीही लावत नव्हता.

जूनमध्ये मंडळाची चारुता घरी आली. "विश्राम, बारा टीम येतायत. घंटा दे बाबा."

"घंटा घेऊन जा. मी येत नाही."

निहारिका युनिव्हर्सिटीतून नुकतीच आली होती. बूटही न काढता ती म्हणाली, "बाबा, मी आईचे गाणे गाणार आहे. तू नसशील तर आय वोन्ट सिंग."

"मुलगी गाणार आणि बाप वेळ धरणार? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणणार?" चारुता म्हणाली. "इथे सगळेच कोणाचे तरी कोणी लागतात. घड्याळ कोणाचे लागत नाही."

विश्रामने मोजा सोडला.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. हिवाळ्याचे कोवळे ऊन खिडक्यांतून येत होते. विश्राम स्टेजखाली टेबलाशी बसला, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात मी. अकरा गाण्यांना त्याने मला अगदी वेळेवर वाजवले. भास्करकाकांनी घंटेनंतर शेवटचे कडवे घेतले आणि आठ सेकंद राखून संपवले.

बारावी निहारिका. ती गायला लागली आणि विश्रामने मान खाली घातली. तिच्या आवाजात तिची आई होती. पहिले कडवे झाले, दुसरे सुरू झाले. पाच मिनिटे झाली तेव्हा त्याने मला उचलले.

मी वाजलेच नाही. त्याने माझा लोलक मुठीत घट्ट धरून ठेवला होता. घंटा झाली की गाणे संपायला लागणार, एवढेच त्याच्या मनात आले असावे.

निहारिका डोळे मिटून तांबड्या रस्त्यावर फिरत राहिली. तीच ओळ वेगळ्या सुरांत पुन्हा, आणि पुन्हा. सहा मिनिटे झाली, सात झाली. तिने डोळे उघडून टेबलाकडे पाहिले. बापाची मान खालीच होती. त्या रस्त्यावरच ती थांबली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. ती आत निघून गेली.

चारुता टेबलापाशी आली. "पाच पन्नास लिही रे. कोणी बोलणार नाही."

विश्रामने कागदावर सात चाळीस लिहिले. मग उठून माईकपाशी गेला. "घंटा मी वाजवली नाही. तिची चूक नाही. माझी आहे," एवढे बोलून तो खाली उतरला. गाणे बाद झाले. ऑकलंड पहिले आले आणि पुढच्या वर्षीचे बोलावणे तिथले ठरले.

सायंकाळी खुर्च्या रचायचे काम चालू होते. निहारिका त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, आय वॉज वेटिंग फॉर द बेल. मी कितीतरी वेळ थांबले."

"मला वाटले, वाजवली की संपेल."

"संपणार नव्हते. शेवटचे कडवे येणार होते. ते तुझ्यासाठीच होते."

शेजारी भास्करकाका चषक बगलेत धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमची बस यायला वेळ आहे, पोरी." आणि रचलेल्या खुर्च्यांतली एक काढून बसले.

"बाबा, वाजव," निहारिका म्हणाली.

त्याने माझी लाकडी मूठ धरली आणि मला वाजवले. त्या रिकाम्या हॉलमध्ये माझा आवाज खूप लांबपर्यंत गेला. तो विरला तेव्हा निहारिका माईकशिवाय गायला लागली. कडव्यात फार मोठे काही नव्हते. बाई थकून घरी येते. किल्ली शोधायच्या आतच दार उघडते. दार उघडणारा माणूस काही विचारत नाही, चहाचे आधण ठेवतो. इतकेच.

विश्रामने ते उभ्याने ऐकले, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. घड्याळाकडे त्याने पाहिले नाही.

आता मी त्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. पुढच्या जुलैमध्ये आम्ही दोघे ऑकलंडला जाणार आहोत. मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. तिला मोजा बांधून डब्यांमागे ठेवू नका. ती पुसा, हातात घ्या आणि तिचे काम तिला करू द्या. कोणीतरी तिच्या आवाजासाठी थांबलेले असेल.