बाबांच्या चादरीचा धागा

धाकटीने बाबांची जुनी चादर मागितली, तेव्हा आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुमच्या प्रयोगशाळेत चादरींचा दुष्काळ पडलाय का?"

धाकटी जुन्या सुती कापडापासून नवा धागा बनवण्याच्या कामावर होती. कापड विरघळवून त्याचा मधासारखा रस करायचा, बारीक भोकांतून तो पाण्यात सोडायचा आणि निघालेला तंतू ताणत ताणत गुंडाळायचा. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. चादर इतकी विरली होती की हात लावला तरी फाटायची. "पोतेरं होण्यापेक्षा धागा होईल," ती म्हणाली. आईने चादर काढून दिली.

पण धागा काही होईना. रस पाण्यासारखा पातळ, आणि जरा ताण दिला की तंतू तटकन तुटायचा. कारण धाकटीला ठाऊक होतं. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींत गुंतून ताण सोसतात, ताणल्या की एका दिशेने ओळीने लागतात आणि धागा बळकट होतो. वर्षानुवर्षांच्या धुण्याने, उन्हाने चादरीतल्या साखळ्या तुटून आखूड झाल्या होत्या. शेजारणीला धरून ठेवायला त्या पुरतच नव्हत्या. बिनताणाचा तंतू काढून पाहिला, तर तो अगदीच लेचापेचा.

प्रयोगशाळेच्या कपाटात लाकडाच्या नव्या लगद्यापासून काढलेला सुरेख धागा पडून होता. तोच नेऊन दिला असता तर आईला कुठे कळणार होतं? धाकटीने तो पिशवीत टाकलासुद्धा. पण जेवताना आईने "झाला का गं?" म्हणून विचारलं आणि तिने हातातला घास ताटात ठेवला.

"नाही झाला, आई. साखळ्या आखूड आहेत. एकट्याने ताण सोसवत नाही."

"एकट्याने?" आई हसली. "त्यांनी कधी एकट्याने काही निभावलंय का? साधा मोजा सापडेना झाला तरी मला हाक!" ती उठली आणि ट्रंकेच्या तळातून एक घडीही न मोडलेली चादर घेऊन आली. "ठेवणीतली म्हणून कधी अंथरलीच नाही. ही घाल त्यात."

"अगं, कोरी आहे! फाडू?"

"मग काय, आरती ओवाळू तिची?"

दोन्ही चादरी मिसळल्यावर रस इतका दाट झाला की भोकांतून निघेना. धाकटीने कापड कमी केलं, ऊब वाढवली, ताण हळूहळू दिला. तंतू टिकला. क्ष-किरणांच्या चित्रात आधीच्या लेच्यापेच्या तंतूचं धूसर कडं जाऊन दोन लख्ख ठिपके उमटले. साखळ्या ओळीने लागल्या होत्या. ती एकटीच खुर्चीत बसून डोळे पुसत राहिली.

घरी आईने ती इवलीशी लड घेतली, त्यातला एक धागा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि जोर लावून ओढला. धाकटीचा जीव टांगणीला लागला. तो तुटला नाही.

"चिवट आहे गं," आई म्हणाली.

"तुझ्यावर गेलाय."

आईने तिच्या डोक्यात एक टपली मारली. मग कितीतरी वेळ ती धागा गालाला लावून बसली. "उरलेल्या कापडाचाही कर," ती शेवटी म्हणाली. "रुमालापुरता तरी होईल."