हिरवी पाटी

आमच्या कंपनीने बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद डिस्कवर कायमची उतरायच्या आधीच 'सेव्ह झालं' अशी हिरवी पाटी झळकते. त्यावरून मी साहेबांशी कचाकचा भांडले होते. "डिस्कची वाट बघितली तर स्क्रीन रखडते, डोकं खाऊ नकोस," म्हणाले.

आज तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दवाखान्यात बाबा आहेत. नर्सताईंनी माझ्यादेखत दिवसातलं एकमेव इंजेक्शन दिलं, नोंद केली, पाटी झळकली. लगेच वीज गेली, आली. ताई ड्यूटी संपवून गेल्या.

नव्या नर्सताई सिरिंज भरून आल्या.

"अहो, मघाशीच दिलंय!" मी आडवी आले.

त्यांनी स्क्रीन पाहिली. "नोंद नाहीये. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

"बोलतो," मी त्यांचा हात घट्ट धरला. "आम्हीच शिकवलंय त्याला."