कान वाजले नाहीत

"कंपाउंडरसाहेब, हिचे कान वाजलेच नाही," प्रयागबाई म्हणाली.

मार्तंडने दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीतून पाहिले. कुही गावची ही बाई गेल्या आठवड्यात हिवतापाचे औषध घेऊन गेली होती. तिची आठ वर्षांची शामला ओसरीच्या भिंतीला टेकून बसली होती. हातपाय काटक्या, पोट मात्र तापाने वाढलेल्या पाणथरीने, म्हणजे प्लीहेने, डावीकडे फुगलेले.

"कान कशाला वाजतील?"

"परसाली मले ताप आला तं तुम्हीच कुनैन देल्लं होतं. तीन दिवस कानात घंट्या वाजल्या, मंग ताप गेला. हे बी कडूच हाय. पण हिच्या कानात काहीच नाही. काहून?"

रांगेतला म्हातारा हसला. "आता दवाईनं बँड बी वाजवाव का वं?"

"तुह्या कानात कापूस हाय बुढ्या, तुले काय समजते!"

मार्तंड हसला नाही. जावा बेट जपान्यांनी घेतल्यापासून तिथून येणारे कुनैन, म्हणजे क्विनीन, जवळजवळ बंद झाले होते. उरलेले कपाटात होते. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबलोकांच्या बंगल्यांत ताप येऊ नये म्हणून दर आठवड्याला त्याच्या गोळ्या जात. खिडकीवरच्या लोकांसाठी त्याला काडेचिराईत ही तशीच कडू वनस्पती उकळायला सांगितले होते. जिभेला फरक कळत नसे. कानांचा विचार कुणी केला नव्हता.

"थंडी केव्हा भरते हिला?"

"दिवसाआड. बरोब्बर बारा वाजता. आज तापाची पाळी हाय."

घड्याळात पावणेबारा झाले होते. किल्ली त्याच्याच कमरेला होती. तो कपाटापाशी गेला, किल्ली फिरवली. बंगल्यांच्या नावांची पाकिटे ओळीने ठेवलेली होती. त्याने एक उचलले.

"मार्तंडराव," आतून डॉक्टरसाहेबांचा आवाज आला, "बंगल्यांची पाकिटं झाली का? चपराशी उभा आहे."

"झाली, साहेब."

सगळी पाकिटे चपराशाच्या पिशवीत गेली. मार्तंड खिडकीशी परतला आणि बाहेर वाकला.

"बाई, हे कुनैन नाही. हे नुसतं..."

"हळू बोला." प्रयागबाईने मागे पाहिले. "पोरगी ऐकून राह्यली."

मग तिने रिकामी शिशी पुढे केली. "द्या भरून."

त्याने भरून दिली. तिने ओसरीवरच शामलाला घोट पाजला. पोरीने तोंड वाकडे केले.

"पाह्य, किती कडू हाय! आता कायचा येते ताप?"

असे म्हणत तिने गाठोडे सोडले आणि वाकळ काढून पोरीच्या पायांशी उलगडून ठेवली.