आवाज वाचणारी फाइल

बिल्ड पुन्हा फुटला, धाकटीचा प्रोग्रॅम जुळता जुळता अडला. मशीनला नवी लायब्ररी, तयार कोडची फाइल, हवी होती, पण वाटेत आधी जुनी भेटायची आणि ते तिच्याच गळ्यात पडायचं.

धाकटीने जुन्या लायब्रऱ्यांचं फोल्डर उघडलं. दादाने कधीकाळी टाकलेल्या. काहींच्या तर कंपन्याही बुडाल्या होत्या.

"साफसफाई का?" मागून बाबांनी विचारलं.

म्हणजे त्यांनी टाइप केलं आणि स्पीकर बोलला, त्यांच्याच आवाजात. घशाच्या ऑपरेशनआधी दादाने त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली होती. त्यातून हा आवाज बांधलेला. मशीन दोघांचं एकच, धाकटीची स्क्रीन टेबलावर, बाबांची खुर्चीजवळ.

"अडगळ काढतेय, बाबा."

"मला नको काढूस म्हणजे झालं."

तिने आड येणारी जुनी लायब्ररीची फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये हलवली. बिल्ड चालला. थोड्या वेळाने स्पीकर गप्प झालेला कळला, तिने फाइल परत जागेवर ठेवली, बाबा म्हणाले

नाही.

असं झालं नाही. तिने फाइल पुसली.

बिल्ड चालला. मागे बाबा एंटर दाबत होते, स्पीकर बोलत नव्हता. पुन्हा. पुन्हा.

"पुसलीस?" दादा फोनवर. "अगं, बाजूला ठेवायची ना."

"परत येईल?"

"मशीन लगेच बंद केलं असतंस तर कदाचित. नंतर काय केलंस?"

"बिल्ड. दोन-तीनदा."

"मग त्या जागेवर तुझंच काम लिहिलं गेलं."

"तुझ्याकडे कॉपी असेल."

"असती तर एवढा बोललो असतो का?"

आवाजाची फाइल होती तशीच होती, धडधाकट. तिला वाचणारी ती जुनी लायब्ररीच उरली नव्हती.

दादाने लांबूनच दुसरा आवाज बसवून दिला. स्वच्छ, तरुण, बातम्या देणाऱ्याचा. बाबांनी त्याच्याकडून "ठीक आहे" म्हणवून घेतलं. एकदाच.

आता ते टाइप करतात आणि स्क्रीन तिच्याकडे वळवतात. ती मोठ्याने वाचते. कुणीतरी म्हणायला हवं ना. चहा टाक गं. गोळ्या संपल्यात. दादाला म्हणावं, फोन तरी करत जा.

आज स्क्रीन वळली तेव्हा तिच्यावर एवढंच होतं: मी तुझ्यावर रागावलेलो नाही.

तिने मनात वाचलं.

बाबा थांबले. मग काचेवर बोट आपटू लागले, वाच, वाच.